बंदीच्या डोंगराचं पाणी

आमच्या वाडीत लग्न म्हटलं की आधी पाणी विचारायचं, मग मुहूर्त. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला वाडी. खाली नदी दिसते, पण दिसणाऱ्या पाण्यानं घसा ओला होत नाही. घरांमागच्या चढावर एक झरा आहे, तो शिमग्यापर्यंत साथ द्यायचा. पुढे टँकरची वाट बघायची. म्हणून वैशाखातली लग्नं महाडच्या हॉलमध्ये. माझ्या लेकीनं मात्र मुंबईत नोकरीला लागल्या लागल्या जाहीर केलं, "माझं लग्न दारातच होणार. आणि हळदीला टँकरचं पाणी नाय चालणार."

"मग काय, आभाळापुढे घागर धरू?" मी म्हटलं. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ.

माझ्या सासऱ्यांनी नातीचं बोलणं मनावर घेतलं. त्यांनी वाडीची बैठक बोलावली आणि झऱ्याच्या वरचा डोंगर बंद करायचं ठरलं. तिथे वणवा लागू द्यायचा नाही, गुरं सोडायची नाहीत, आणि मुख्य म्हणजे राबासाठी फांद्या तोडायच्या नाहीत. भाताची रोपं टाकायच्या आधी आम्ही त्या जमिनीवर पाला-फांद्या जाळतो, तो राब. त्याच्यापायी दरवर्षी ऐनाची झाडं बोडकी व्हायची. बोडक्या डोंगरावरून पाऊस धावतच खाली येणार, मातीत मुरणार कधी? सासऱ्यांनी देवीपुढे नारळ फोडला आणि दंडही स्वतःच सांगितला: जो फांदी तोडील, त्यानं अख्ख्या वाडीला कोंबडीचं जेवण घालायचं.

पहिला दंड कुणाला झाला? त्यांनाच! माघात कंबरेला कोयता लावून निघाले, पाय नेहमीच्या वाटेनं गेले, नेहमीच्या ऐनावर चढले आणि फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन भर वाडीतून घरी आले. लोक बघायला लागले तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"हात गेला रे सवयीनं!" ते म्हणाले. वाडी पोट धरून हसली. दंड सासऱ्यांना, पण भाकऱ्या थापायला मी. चुलीपुढे बसून मी त्यांना जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मान खाली घालून कांदे चिरले.

हळूहळू ऐन भरले. झाडांखाली पाल्याचा थर इतका साचला की पाय मऊ रुतायचा. झरा एका वर्षी शिमगा ओलांडून गेला, पुढच्या वर्षी पाडवा. तेवढ्यात लेकीचं ठरलं, वैशाखातच. मी महाडच्या हॉलवाल्याला "उद्या सांगते" म्हणत झुलवत ठेवलं आणि तापल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी रोज झऱ्यावर जाऊन येऊ लागले. धार बारीक होती, पण होती. शेवटी हॉलवाल्याला नाही म्हणून टाकलं.

मांडवाला उंबराची फांदी लागते. आमचा उंबर नेमका बंदीच्या डोंगरात, झऱ्याच्या उशाशी. लोक म्हणाले, "घ्या एक फांदी, देवी काय रागावत नाय."

"देवीचं मी बघून घेईन," सासरे म्हणाले, "पण सूनबाय रागावते त्याचं काय?" आणि भर उन्हात खालच्या वाडीत जाऊन तिथल्या उंबराची फांदी खांद्यावर घेऊन आले. मला हसूही आलं आणि रडूही.

हळदीच्या सकाळी आम्ही बायका वाजतगाजत झऱ्यावर गेलो. झऱ्याला हळद वाहिली, घागरी भरल्या. परत येतो तर खाली रस्त्यावर हॉर्न! लेकीनं दर उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरवाल्यालाही आवतण दिलं होतं, आणि तो भरलेला टँकर घेऊनच आला होता.

"हा माझा आहेर, वहिनी. या वाडीत उन्हाळ्याचा रिकाम्या हातानं कसा येऊ?"

सासऱ्यांनी त्याला झऱ्याच्या पाण्याचा तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला आणि डोंगराकडे बघत म्हणाला, "हाय की वो पाणी!"

"तुझा आहेर पावला," सासरे म्हणाले. "आता तो खालच्या वाडीत रिकामा कर, तिथं अजून ठणठणाट हाय, नि जेवायला ये. त्यांचा उंबर माझ्या दारात उभा हाय."

टँकर वळला. एरवी आम्ही हंडे घेऊन त्याच्यामागे धावायचो. त्या दिवशी सगळी वाडी हळदीचे हात हलवत उभी राहिली. आमच्या वाडीनं पहिल्यांदाच कुणाला तरी पाणी दिलं होतं. मी पदरानं डोळे पुसले. नव्या साडीला हळद लागली, लागू दे.