किल्लीआत्याचा पडीक गाळा

किल्लीआत्याने नगरपालिकेच्या साहेबांना अंधाऱ्या खोलीत कोंडलं आणि कागदावर सही मिळेपर्यंत बाहेर काढलं नाही, अशी गावभर वदंता आहे. भाजीबाजारात ही गोष्ट ऐकाल तर साहेब दोन तास आत असतात. बसथांब्यापर्यंत पोचेतो त्याचे चार तास होतात. न्हाव्याच्या दुकानात तर साहेब खुर्चीला बांधलेले असतात आणि आत्याच्या हातात हातोडा असतो.

खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. साहेब आत गेले ते स्वतःच्या पायांनी. दार ओढलं स्वतःच्या हाताने, तेही 'ओढू नका' असं आत्याने बजावल्यावर. एकूण वेळ पंचवीस मिनिटं. हातोडा नव्हताच, कारण हातोड्याने कुलूप उघडणाऱ्याला आत्या कसाई म्हणते. आणि सहीचं म्हणाल, तर 'सही मागा, सही मागा' म्हणून कानीकपाळी ओरडणारं एक माणूस तिथे होतं खरं. पण ते माणूस आत्या नव्हे.

आत्या म्हणजे चौकातल्या तिमजली इमारतीतली किल्लीवाली. रुंदी सहा फूट, लांबी नऊ फूट. हे माप गाळ्याचं. आत्या त्यात उभी-आडवी कशीही मावते. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, टेबलावर सात कानशी, आणि मधोमध व्हाइस, म्हणजे किल्ली घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. हा तिच्या वडिलांच्या वेळचा, चार बोल्टांनी जमिनीत गाडलेला. गिऱ्हाइकासाठी एक स्टूलही आहे, पण त्यावर दुरुस्तीला आलेली कुलपंच बसलेली असतात. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. "चार दिवस बस, मग बघू," असं ते म्हणाले म्हणून ती बसली. त्याला एकतीस वर्षं झाली. लग्नाचं कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं: "कुलूप चांगलं होतं हो, दाते जुळले नाहीत."

गावात ती सगळ्यांचीच आत्या. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आजोबाही तिला आत्या म्हणतात आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. सख्खी मात्र ती एकट्या प्रस्तुत लेखिकेची, जिला गावातल्या सगळ्यांचे आवाज काढायची खोड आहे. साबणावर किल्लीचा ठसा उमटवून कुणी आणला तर ती हातही लावत नाही. "किल्ली आण, नाहीतर घरातलं मोठं माणूस आण," म्हणते, आणि तो साबण हात धुवायला ठेवून घेते. माणसांची ख्यालीखुशाली ती त्यांच्या कुलपांवरून विचारते. रस्त्यात भेटलं कुणी, की "कसे आहात" वगैरे नाही, "काय हो, मागचं दार अजून अडखळतं का?" एकदा एका घरातल्या थोरल्या सुनेला तिने सहज विचारलं, "कपाट आता नीट लागतं ना गं?" तर सून भर चौकात रडायलाच लागली. त्या कपाटावरून घरात महिनाभर धुसफूस चालली होती. आत्याने स्टुलावरची सगळी कुलपं खाली काढून ठेवली आणि तिला तासभर बसवून घेतलं. स्टूल मोकळं झालेलं लोकांनी पाहिलं ते तेवढंच.

तिच्यासारखं बोलायचं तर आधी ओठांत किल्ली धरावी लागते. नमुन्याची किल्ली ओठांत, नवी किल्ली कानशीखाली, ही तिची कामाची रीत. त्यामुळे प, फ, ब, भ, म ही अख्खी ओळ तिच्या बोलण्यातून गळते. "बाबांना म्हणावं, पाच मिनिटं थांबा," हे बाहेर पडतं ते "आआंना हणावं, आच इनिटं थांआ" असं. जुन्या गिऱ्हाइकांना सवय आहे. नवखी माणसं मात्र तिला दातांच्या डॉक्टरांचा पत्ता देऊन जातात.

तिच्या गाळ्यासमोर, रस्त्यापलीकडे झेरॉक्सवाला. यंत्राची सवय त्याच्या जिभेला लागलेली, त्यामुळे तो प्रत्येक बोलण्याच्या दोन प्रती काढतो. "आत्या, चहा सांगू? चहा सांगू?"

"एकच सांग रे बाबा," आत्या म्हणते. "नाहीतर दोन कप येतील."

आत्याच्या इमारतीत पाच गाळे. तिचा सोडून बाकीच्या चारांना कुलूप, त्यांतला शेवटचा फोटो स्टुडिओ. वरच्या मजल्यांवर कबुतरांचं राज्य. मालकाची तीन मुलं तीन देशांत, आणि आपली इमारत नेमकी कुठल्या रस्त्यावर आहे हे त्यांना एकमेकांना फोन करून विचारावं लागे. आजूबाजूच्या इमारतींची हीच गत. संध्याकाळी सातनंतर चौकात कुत्रीसुद्धा कंटाळून दुसरीकडे जात. शेवटी नगरपालिकेने मनावर घेतलं: चौकातल्या मोडकळीला आलेल्या सहा इमारती विकत घ्यायच्या, नीट दुरुस्त करायच्या, खाली दुकानं, वर राहायची घरं, मधे बसायला बाकं.

आत्याला कोण आनंद! "चला, शेजार येणार. इतकी वर्षं कबुतरांशी बोलतेय, एकालाही उत्तर देता येत नाही."

नियमही सोपा होता. खरेदीच्या वेळी जो गाळा चालू असेल, तो दुरुस्तीनंतर चालवणाऱ्यालाच परत. जो पडीक असेल, तो चिठ्ठ्या टाकून नव्या माणसाला.

आता, एकतीस वर्षांत आत्याने कामाच्या दिवशी गाळा बंद ठेवला असेल तीन-चारदा. त्यातला एक दिवस नेमका पाहणीचा निघाला. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटात किल्ली अर्धी तुटून अडकली होती, म्हणून ती सकाळीच तिकडे गेली. इकडे नगरपालिकेची मुलगी वही घेऊन आली. नोकरीचा पहिलाच आठवडा, अक्षर मोत्यासारखं, सांगितलंय ते तंतोतंत करणारी. दार बंद दिसलं तर शेजाऱ्याला विचारायचं, असं तिला सांगितलेलं. ती झेरॉक्सच्या दुकानात शिरली. झेरॉक्सवाल्याचं डोकं यंत्राच्या पोटात, अडकलेला कागद ओढण्यात गुंतलेलं.

"काका, ती समोरची, चार नंबरची, कशी आहे? चालू की...?"

"ती?" यंत्राच्या आतून आवाज आला. "ती एकतीस वर्षं पडीक आहे! एकतीस वर्षं पडीक!"

त्याच्या मनात आत्या होती, मुलीच्या मनात जागा. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत जी बाई गाळ्यातून हलत नाही, तिला पडीक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्याने तर कौतुकच केलं होतं. दोघांचंही मराठी चोख, आणि त्या चोख मराठीतून वहीत उतरलं ते असं: 'गाळा क्र. ४ : ३१ वर्षे पडीक. (शेजाऱ्याने दोनदा सांगितले.)'

यादी छापून आली आणि प्रती काढायला गेली कुणाकडे, तर झेरॉक्सवाल्याकडेच. तो रस्ता ओलांडून धावत आला, चपला दुकानात विसरून. "आत्या, घोळ झाला! घोळ झाला!"

आत्याने कागद वाचला. ओठांत किल्ली होती. "ई अडीक?"

"काय?"

तिने किल्ली काढली. "मी पडीक?"

"तुम्ही नाही हो, गाळा. म्हणजे तुम्हीच, पण... गाळा."

आत्या व्हाइसकडे वळली. पुन्हा कानस उचलली आणि हातातली किल्ली पुरी केली. संध्याकाळी गिऱ्हाईक ती किल्ली परत घेऊन आलं. लागत नव्हती. तिसरा दाता खोल गेला होता. एकतीस वर्षांत आत्याची किल्ली परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईकच ओशाळलं बिचारं. "आमचंच कुलूप वाकडं असेल," म्हणायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि झेरॉक्सवाला, दोघं नगरपालिकेत गेली. तिथे टेबलामागे जे साहेब, त्यांना सगळं ऑफिस पाठीमागे 'तत्त्वतः साहेब' म्हणतं. का, ते पहिल्या वाक्यातच कळतं.

"अर्जदार, तत्त्वतः तुम्ही त्या जागेत नाही आहात."

"मग मी रोज सकाळी नऊला कुठे जाते, साहेब?"

"ते नोंदीत नाही." साहेबांनी चष्मा वर सरकवून कागद पाहिला. "शेजाऱ्याने सांगितलंय. आणि दोनदा."

"अहो, तो सगळंच दोनदा सांगतो!"

"म्हणजे माहितीला दुजोरा आहे. तत्त्वतः भक्कम नोंद."

झेरॉक्सवाला पुढे झाला. "साहेब, मी म्हणालो ती पडीक असते. म्हणजे तिथेच असते, तिथेच असते!"

"म्हणजे पडीक हे तुम्हाला मान्य आहे?"

"हो! म्हणजे, नाही! नाही!"

"एक हो, दोन नाही," साहेबांनी लिहून घेतलं. मग कॅलेंडर पाहून म्हणाले, "अर्जदार, अर्ज ठेवून जा. मी स्वतः येऊन पाहीन."

परतताना आत्या एवढंच म्हणाली, "व्हाइस उपटला तर खालची फरशीही त्याच्याबरोबर निघेल रे." झेरॉक्सवाला त्यावर काहीच बोलला नाही. एकदाही नाही.

तीन आठवड्यांनी साहेब आले, स्वतःची मोजपट्टी घेऊन. माणूस वाईट नव्हता. कबुतरांच्या घाणीतून जिना चढले, गच्ची पाहिली, खाली उतरले आणि पाचवा गाळा मोजायला घेतला. फोटो स्टुडिओच्या मागे फोटो धुवायची खोली होती, खिडकी नसलेली.

"त्या दाराचं कुलूप आजारी आहे," आत्या म्हणाली. "ओढलं की लागतं, आणि आतून उघडत नाही. ओढू नका."

"तत्त्वतः प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी उघडतं," असं म्हणून साहेबांनी दारामागची भिंत मोजायला दार ओढून घेतलं.

खट्.

मग निम्म्या आवाजात, "अर्जदार?"

"आहे हो, इथेच आहे."

"इथे उजेड नाही."

"फोटो धुवायची खोली ती, साहेब. उजेड कुठून असणार?"

झेरॉक्सवाला आत्याच्या कानाशी आला. "आत्ताच सही मागा, आत्ताच मागा! कागद दाराखालून सरकवतो. मी आणलाय. दोन प्रती आणल्यात!"

आत्या गुडघ्यांवर बसून कुलपात तार घालत होती, दुसरी तार ओठांत. "गऽ अस," ती म्हणाली. म्हणजे गप बस. मग ती तार काढून दाराला तोंड लावून तिने विचारलं, "साहेब, तुमच्या घराच्या दाराला कुठलं कुलूप आहे?"

आतून आवाज आला. "पितळी आहे. आजोबांच्या वेळचं."

"त्रास देतं?"

"दार जरा उचलून धरावं लागतं. मग किल्ली फिरते. बायको रोज म्हणते, बदला."

"अजिबात बदलू नका! कुलूप निर्दोष आहे बिचारं. बिजागरी खाली बसलीय. स्क्रू आवळले की झालं. किल्ली दीड फेरा घेते का?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

मग साहेब सुटलेच. आजोबा कुलपाला तेल कसं घालत, लहानपणी ती किल्ली विहिरीत कशी पडली, मार कुणी खाल्ला, सगळं. आवाज हळूहळू पूर्ववत झाला. त्या पंचवीस मिनिटांत 'तत्त्वतः' एकदाही ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा ते आजोबांच्या मिशांपर्यंत आले होते, आणि गोष्ट पुरी करूनच बाहेर पडले.

आत्याने त्यांना आपल्या गाळ्यात नेऊन पाणी दिलं. पाणी पिता पिता साहेबांची नजर खाली गेली. व्हाइससमोरच्या फरशीत दोन खळगे पडलेत, दोन पावलांएवढे, जिथे आधी वडील उभे राहत आणि मग ती. साहेब वाकले, मोजपट्टी काढली आणि खळग्याची खोली मोजली. वहीत काहीतरी लिहिलं. 'बघतो' म्हणाले आणि गेले.

झेरॉक्सवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "बघतो म्हणाले! बघतो म्हणाले! तेव्हाच सही घ्यायची होती."

नगरपालिकेच्या भाषेत 'करतो' म्हणजे बघतो आणि 'बघतो' म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा दारातच उभ्या असलेल्या प्रस्तुत लेखिकेने तर साहेबांच्या आवाजात, चष्मा सरकवून, तो 'बघतो' जसाच्या तसा करून दाखवला आणि पैज लावली: गाळा गेला. आत्या हरली तर तिने एक दिवस ओठांत किल्ली न धरता काम करायचं. लेखिका हरली तर तिने एक अख्खा दिवस फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं.

"लागली," आत्या म्हणाली, आणि कानस उचलली.

आठव्या दिवशी सुधारित यादी झेरॉक्सला आली. 'गाळा क्र. ४ : चालू. चालक जागेवर कायम उपस्थित. (समक्ष पाहिले.)' झेरॉक्सवाला या वेळी चपला घालून आला, पण दोन्ही डाव्या पायाच्या.

आत्याने यादी वाचली, घडी घातली, पदराने डोळे पुसले आणि कानशीची धूळ गेली म्हणाली.

"पण तुला कळलं कसं?" लेखिकेने विचारलं.

"साहेबांचं परत करून दाखव बघू."

लेखिकेने चष्मा सरकवला. "बघतो."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

"'बघतो, आत्या,' म्हणाला तो. तीन आठवडे अर्जदार, अर्जदार, आणि जाताना आत्या. मोठी नकलाकार तू! शेपूट गाळलंस."

पैजेचा दिवस शनिवार ठरला. लेखिका सकाळी साडेदहापर्यंत टिकली. मग झेरॉक्सवाला येऊन म्हणाला, "काय गं, आज गप्प? आज गप्प?" आणि लेखिकेच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते दोनदा पडलं. आत्याने तो दिवस बाद ठरवला. पुढचा शनिवारही बाद झाला. सध्या चौथा चालू आहे.