चिंचेनं घासलेला राजा

इतिहासावर लिहायचा मला अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण हंगेरीच्या पहिल्या राजाबद्दल शिरूर अनंतपाळ तालुक्यात दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो.

लातूरला आमच्या इतिहासाच्या सरांकडे त्या राजाचं चांदीचं नाणं होतं. हजार वर्षांपूर्वीचं, अंगठ्याच्या नखाएवढं, काळंकुट्ट. दरवर्षी ते वर्गात फिरायचं. "करारी चेहरा दिसतो ना?" सर विचारायचे. सगळे हो म्हणायचे. मला काहीच दिसलं नव्हतं. पण खेड्यातून आलेल्याची नजर कच्ची असेल, असं समजून मीही हो म्हणालो. प्रकल्पासाठी चित्र काढायला सरांनी ते मला दोन दिवस दिलं. हैदराबादला एम.ए.च्या प्रवेशासाठी मला त्यांचंच शिफारसपत्र हवं होतं.

मौल्यवान वस्तू ठेवायला आमच्या घरात एकच जागा, देवघर. तिथं नाणं ठेवून मी शेतात गेलो. महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. परत आलो तर आईनं समया, तांबे, वाट्या आणि राजा, सगळे चिंच नि राखेनं घासून उन्हात मांडलेले. नाणं लखलखत होतं. दोन्ही बाजूंना क्रूस, भोवती अक्षरं.

"राजा हाय म्हणलास न्हवं? मग तोंड कुठाय त्याचं?" आईनं विचारलं.

"तूच पुसलंस की!"

"अगं बया! लई जोर न्हाई लावला रे. दोनदाच हात फिरवला."

"हजार वर्षं टिकला अन् चिंचेला भ्याला व्हय?" बाबा म्हणाले.

चेहऱ्याखालून क्रूस निघाला असावा, असं मला तेव्हा खरंच वाटलं. आईनं महालक्ष्म्यांपुढं राजाची माफी मागितली.

सरांना सगळं खरं सांगितलं. "काय चेहरा होता!" एवढंच ते म्हणाले. नुकसान किती झालं हे कळावं म्हणून त्यांनी एका जाणकाराला फोटो पाठवले. शिफारसपत्राचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. प्रवेशाची मुदत जवळ येत गेली.

मुदतीच्या आदल्या दिवशी सरांचा मेसेज आला: "जाणकारांचं उत्तर आलं. या राजानं नाण्यावर चेहरा काढलाच नव्हता, फक्त नाव आणि क्रूस. पत्र ऑफिसात ठेवलं आहे, घेऊन जा. वर्गात हा विषय काढू नये."