पांदण दाखवणारं मशीन

वाशीमच्या ज्या दुकानात मी गाडीसाठी रस्ता दाखवणारं मशीन घ्यायला गेलो, तिथला दुकानदार मला वेडाच समजला असणार. बाकी गिऱ्हाईकं नागपूर, पुणे लावून बघत होती. मी प्रत्येक मशीनवर आधी माझं गाव काढायला लावायचो, मग बोटांनी मोठं करत करत माझं वावर, आणि विचारायचो, "इथं पांदण दिसते का?"

पांदण म्हणजे वावरात जायचा सरकारी गाडरस्ता. आमची पांदण चुलतभावानं खाल्ली होती. दरवर्षी नांगराच्या एक-दोन ओळी आत सरकत त्यानं ती तुरीत घातली, आणि वर मलाच विचारायचा, "रस्ता होता कुठं बे इथं?" त्याचा मला इतका राग यायचा की त्याची तूर शेंगांनी वाकली की माझं जेवण कडू व्हायचं. रस्ता नसल्यानं गाडी भाजीच्या वाफ्यांपर्यंत जात नव्हती. बायको वांग्यांचं डालं डोक्यावर घेऊन बांधावरून सडकेपर्यंत यायची, रोज चार-पाच खेपा. तिची मान धरायची, हाताला मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं होतं. तलाठ्याकडे दिलेला माझा अर्ज तिथंच लोळत होता.

फोनच्या नकाशात आमच्याकडे नुसता हिरवा रंग. दुकानातली पहिली तीन मशीनंही तशीच निघाली. दुकानदार गाणी, कॅमेरा, मोठा पडदा असं काय काय सांगत राहिला. मी म्हटलं, "गाणे माह्या चुलतभावाले आयकवा." चौथ्या मशीनवर मात्र वावरांमधून एक बारीक पांढरी रेघ दिसली. पडदा एवढासा, आवाज फाटका. मी तेच घेतलं.

आठ दिवस गावात मिरवलो. जो भेटेल त्याला गाडीत बसवून रेघ दाखवली. उपग्रह वरून बघतो, तो कोणाचा सोयरा नाही, असं चुलतभावाच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. नवव्या दिवशी सकाळी तोच सडकेवर आला आणि दार उघडून माझ्या शेजारी बसला.

"चाल, घाल गाडी. मशीन म्हणन तिथं रस्ता देतो तुले."

बायको डालं खाली ठेवून बघत उभी राहिली. मी गाडी सडकेखाली उतरवली. पंधरा-वीस पावलं पडीक जागा होती. पुढं पडद्यावरचा बाण रेघेवर ठेवायचा तर स्टिअरिंग डावीकडे वळवावं लागत होतं. उजवीकडे त्याची तूर होती. डावीकडे माझी वांगी.

मी गाडी थांबवली. "मशीन चुकून राह्यलं."

तो हसला नाही, याचाच मला जास्त राग आला. खाली उतरून त्यानं पावलांनी अंतर मोजलं. "माह्या बापानं खाल्ली, तशी तुह्या बापानंबी खाल्ली. अर्धी माही, अर्धी तुही. तू वांग्याच्या दोन ओळी काढ, मी तुरीच्या दोन काढतो. आजच्या आज."

"काढा ना जी," बायको म्हणाली. "दोन ओळीच तर हायेत."

बरोबरच होतं दोघांचं. मला ते तिथल्या तिथं कळलं आणि लाजही वाटली, पण रागापुढं ती टिकली नाही. इतकी वर्षं ज्याला चोर म्हटलं, त्याच्या म्हणण्यावरून मी माझी झाडं उपटू? मी म्हणालो, "पह्यले तुही तूर काढ." तो म्हणाला, "संगच काढू." मी गाडी मागं घेतली. बायकोनं डालं उचलू लागायला मला बोलावलं नाही. गुडघा टेकवून एकटीनंच ते डोक्यावर घेतलं आणि सडकेकडे निघाली.

वांगी संपली तेव्हा त्या दोन ओळी मोकळ्या ठेवता आल्या असत्या. मी तिथं मिरची लावली. रोपं सडकेवरून वावरात तिनंच आणली, डोक्यावर.