दोन गिराणं

माझ्या मुलीच्या अंगावर चहाच्या रंगाचे डाग होते. पाठीवर, पोटावर, आणि मांडीवर एक तळहाताएवढा. जन्मली तेव्हा फिकट होते, मग तिच्याबरोबर तेही वाढत गेले. ती पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि मी त्या वेळी चहाचं पातेलं घासत बसले होते. पोटुशीनं ग्रहणात कशाला हात लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण पाहुणे यायचे होते आणि मोठं पातेलं घरात एकच. सासूबाईंनी ते पाहिलं होतं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पोरगी झाली तेव्हा त्यांनी दुपटं उलगडलं आणि म्हणाल्या, "बघ. पातेलं घासलंस न्हवं? आता ह्ये घास."

माझ्याही अंगावर तसे डाग आहेत. शिवाय वयात आल्यापासून पाठीवर आणि छातीवर मऊ गाठी येत गेल्या, काही हरभऱ्याएवढ्या, काही शेंगदाण्याएवढ्या. बोटानं दाबलं की आत जातात. पण माझं कारण वेगळं होतं. मी पोटात असताना माझ्या आईनं ग्रहणात गुळाची ढेप फोडली होती, असं आजी सांगायची. म्हणून रंग गुळाचा आणि वर खडे. आई ते ऐकून घ्यायची. माझ्या लग्नात तिनं बायकांना हळद फक्त तोंडाला आणि हातांना लावू दिली. "पोरीला थंडी वाजतीया," म्हणत मला पाटावर चादरीत गुंडाळून बसवलं. उन्हाळ्याचे दिवस होते.

मुलीचे डाग माझ्यासारखेच आहेत हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण तिचं ग्रहण चहाचं, माझं गुळाचं. एकाला दुसरं जोडावं असं मनातच आलं नाही. आणि माझं अंग कुणी पाहिलंच नव्हतं. मी कोपरापर्यंत बाह्यांचा, पाठ झाकणारा झंपर शिवून घ्यायची. मालक मिलिटरीत. सुट्टीवर आले की मी आधी दिवा बंद करायची. एकदा अंधारात त्यांचा हात पाठीवर थांबला. "ह्ये काय गं?" म्हणाले. "चरबीच्या गाठी हैत," मी म्हटलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या न विचारण्याचीसुद्धा मला लाज वाटत राहिली.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी तिच्या खांद्यामागं एक गाठ दिसली. माझ्या गाठींसारखी नव्हती, पसरट होती. कराडच्या डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. बाहेर आल्यावर कंपाउंडर हळूच म्हणाला, "कॅन्सरची बी आसती आसली." आत्याबाई तिथंच पायरीवर बसल्या.

सांगलीचे कातडीचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांच्या मागं शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्यात एक मुलगी. डॉक्टरांनी पोरीला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि पट्टीनं डाग मोजले. गाठ दोन बोटांत धरून पाहिली. मग तिचा हात वर केला आणि काखेत बघायला लागले.

"आवं डाक्टर," आत्याबाई म्हणाल्या, "गाठ खांद्याला हाय. काखंत काय हुडकताय?"

पोरगी गुदगुल्यांनी हसायला लागली. "या आजारात काखेत बारीक ठिपके असतात, आजी," डॉक्टर म्हणाले. "हे बघा."

तीळ सांडल्यासारखे ठिपके होते. मी तिला रोज न्हाऊ घालायची, पण ते असे कधी पाहिले नव्हते. माझे दोन्ही हात आपोआप अंगाशी आवळले गेले. माझ्याही काखेत ते आहेत.

"घरात अजून कुणाला असे डाग, गाठी आहेत?"

"आमच्यात कुणाला न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "हिनं गिराणात पातेलं घासलं, त्याचं हाय ह्ये."

एक शिकाऊ पोरगा हसला. डॉक्टर हसले नाहीत. "नीट आठवून सांगा. घरात कुणाला असेल तर ही गाठ कसली ते मला लवकर कळेल. नाहीतर भूल देऊन तुकडा काढावा लागेल."

पोरगी फ्रॉकची बटणं लावत होती. "आई, भूल म्हंजे काय गं?"

"मला हैत," मी म्हटलं.

"काय हैत?" आत्याबाई म्हणाल्या.

"डाग. गाठी बी."

मला हिरव्या पडद्यामागं नेलं. झंपर काढायला मला इतका वेळ लागला की नर्सबाईंनीच हुक सोडले. मग सगळे आत आले. डॉक्टर एकेक गाठ दाबून "दुखतं का?" विचारत होते आणि माझ्या पाठीवरून त्या मुलांशी इंग्रजीत बोलत होते. ती शिकाऊ मुलगी माझा पदर हातात धरून खाली बघत होती. मी भिंतीकडं तोंड करून होते. तेवढ्यात आत्याबाई आत आल्या. एका घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांनी माझी पाठ तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. 

पोरगी त्यांच्या मागून घुसली. "आई, तुला बी? लय हैत की!" तिनं एका गाठीवर बोट दाबलं. गाठ आत गेली, तशी ती हसली. "माझ्या बी आशा व्हनार?"

मी झंपर हातात घेतला.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. हा आजार रक्तातून येतो, मुलीला तो आईकडून आला आहे. गाठ वाईट वाटत नाही, आत्ता तुकडा काढायची गरज नाही. पण ती वाढते का बघायचं, आणि दर वर्षी डोळेही दाखवायचे. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही.

एसटीत पोरगी माझ्या मांडीवर झोपली. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे पातेल्याचं कायच न्हवतं?"

"न्हाई."

"मग उगंच बोलले म्हन की मी."

मी मान खाली घातली. पातेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. पातेलं बाजूला ठेवता आलं असतं. आई आठवली. गुळाच्या ढेपेचं ऐकत ऐकतच ती गेली, आणि तिचं तर काहीच चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरीला न्हाणीत बसवलं. पाठीवर साबण लावताना तिनं पुन्हा विचारलं, "सांग की आई, माझ्या बी तुझ्यासारक्या व्हनार?"

"व्हतील," मी म्हटलं. "दुकत न्हाईत."

तिनं वळून बघितलं, तेव्हा मी तोंड चुकवून तांब्या भरायला खाली वाकले होते.