फराळाचे डबे आणि वाय-फाय

"भजन कुठे अडतंय ते बघू," एवढंच काका म्हणायचे आणि मोबाइल छातीशी धरून घरभर फिरायचे. आमच्या धायरीच्या सोसायटीत कुणाचं वाय-फाय रुसलं की वरच्या मजल्यावरच्या या काकांना बोलावणं जायचं. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि हे ते आधीच सांगून टाकायचे. मोबाइलवर कुठल्याशा देवळातलं भजन लाइव्ह लावायचं, ते अडकेल तिथे थांबायचं आणि आजूबाजूला बघायचं, एवढीच त्यांची विद्या. आता ते मुलीकडे राहायला गेलेत. तुमच्या इमारतीत असं कुणी असेल तर जपा हो.

एका घरी राउटर फिश टँकमागे ठेवला होता. काका म्हणाले, "वहिनी, माशांना फुल रेंज आहे. आता माणसांचं बघू."

माझी नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते. खराडीच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत ऐन दिवाळीच्या तोंडावर आली, तीही घरूनच द्यायची. हॉलमध्ये पोरांचा धुडगूस, म्हणून मी बेडरूममध्ये बसणार, तर तिथे सकाळपासून नेट टिकेना. हेल्पलाइनवाले "तक्रार नोंदवलीय" यापुढे जाईनात. शेवटी मी काकांना बोलावलं.

काका आले. हॉलमध्ये भजन झकास, बेडरूमच्या दारात गप्प. ते मागे वळले आणि हॉलमधल्या फळीकडे बघत राहिले. पोरांचा हात पोचू नये म्हणून सासूबाईंनी फराळाचे स्टीलचे डबे तिथे रचले होते, आणि राउटर त्यांच्यामागे गाडला गेला होता.

"हे कधी आले?"

"काल रात्री. हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्य व्हायचाय."

"मी कशाला लावतोय? आपणच काढा. चकलीपासून सुरुवात करा."

सासूबाई धुसफुसत स्टुलावर चढल्या. चकली उतरली, शेव उतरली. चिवड्याचा मोठा डबा खाली आला आणि बेडरूममध्ये भजन असं काही सुरू झालं की सासूबाईच टाळ्या वाजवायला लागल्या.

मुलाखत संपेपर्यंत काका माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. घरातल्या कुणाला मोबाइल उघडू दिला नाही.

मी बाहेर आले. "नोकरी मिळाली, काका," म्हणाले, आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं रडू एकदम फुटलं.

"रडायचं तर खुशाल रडा. फक्त राउटरपासून लांब," ते म्हणाले, आणि स्वतःच जरा लांब जाऊन उभे राहिले.