लॅमिनेशन केलेलं ओळखपत्र

विद्यापीठाच्या अभिलेखागारात मी जुने कागद सांभाळतो. गिरणीतली पाळी संपवून नाइट कॉलेजात शिकलेल्या परळ-लालबागच्या कामगारांची कागदपत्रं सध्या आम्ही गोळा करतोय. लॅमिनेशन केलेला कागद कुणी आणला की माझं डोकंच फिरतं. त्या उष्णतेने आणि गोंदाने शाई उडत जाते, आणि एकदा चिकटलेलं प्लास्टिक काही निघत नाही. परवा असाच एक दाखला घेऊन आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी चारचौघांत सुनावलं, "जपायचा होता तर नुसता पाकिटात ठेवायचा ना!" ते बिचारे दाखल्यावरून नुसता हात फिरवत राहिले.

त्याच संध्याकाळी भोईवाड्याच्या घरी आईने कपाटातून बाबांचं नाइट कॉलेजचं ओळखपत्र काढलं. "हेही ने तुमच्याकडे," म्हणाली. बाबा गेले त्या वर्षी मीच ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं होतं. फोटो अजून ओळखू येत होता. फोटोखाली बाबांची सही होती, तिथे आता नुसता फिकट निळा डाग उरला होता.

आईने पदराने प्लास्टिक पुसलं.

"तू तेव्हा शहाणपणा केलास रे, म्हणून एवढं तरी राहिलं."