धाकटी पाच रेघा शिकते

लाँड्रीत इस्त्री करणारी धाकटी गायनमंडळात इतकी वर्षं खालचा सूर गायली, ती थोरल्या जावेच्या जिवावर. हातातला कागद नुसता शोभेला. त्यावर सूर लिहिलेल्या पाच रेघांशी आणि टिंबांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. जाऊबाईंनी सूर उचलला की ही धरायची. एका घरच्या दोन सुना एका सुरात, हे आश्चर्य बघायलाच निम्मे लोक येतात, असं सासरे म्हणायचे.

मग थोरलीच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. मंडळाच्या मास्तरांनी धाकटीला स्पष्टच सांगितलं, "खालच्या सुरात आता तुम्ही एकट्याच. कागद वाचता आला तर उभ्या राहा, नाहीतर तो सूर वगळतो."

तो सूर गेला की जाऊबाईंचं गाणं कायमचं संपणार होतं.

थोरलीनेच शिकवायला घेतलं. "अगं, कपडे वाळत घालायच्या पाच दोऱ्या समज. कुणी दोरीवर, कुणी दोन दोऱ्यांच्या मधे. जितकं वर, तितका सूर चढा. पांढऱ्या डोक्याचे सावकाश, काळ्या डोक्याचे घाईत. माणसांसारखंच."

पन्नाशी उलटलेल्या धाकटीने इस्त्रीच्या टेबलासमोर कागद चिकटवला. एका साहेबांची कॉलर करपली, मालकाची बोलणी खाल्ली, पण टिंबं ओळखीची झाली. चिकाटी असावी तर अशी!

तरी तालमीत घोटाळा व्हायचाच. सूर बरोबर, पण दर वेळी किंचित उशिरा. जन्मभर जावेमागून गायलेली बाई, ती वाट बघणारच. त्यात थोरली समोरच्या खुर्चीत बसून ओठ हलवायची, आणि धाकटीची नजर कागद सोडून त्या ओठांवर जायची. हे लक्षात आलं त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिने धीर केला. "जाऊबाई, तुम्ही उद्या येऊ नका."

थोरलीचा चेहरा पडला. "मी काय केलं गं?"

"तुम्ही समोर असलात की मी तुमच्याकडेच बघते."

थोरलीने भाजी पुढे ओढली आणि निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली नाही. मास्तरांचा हात वर गेला. धाकटीने कागदावर नजर रोवली आणि अगदी वेळेवर, खणखणीत सूर लावला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. मास्तरांची मान डोलली. टाळ्या संपायच्या आत बाई घराच्या वाटेला लागली होती.

"जमलं?" थोरलीने तोंड न वळवता विचारलं.

धाकटीने स्वयंपाकघरातच कागद उघडला आणि पहिल्या टिंबापासून गायला लागली. थोरली वळली. तिचे ओठ हलू लागले, आणि या वेळी ते किंचित उशिरा हलत होते. धाकटीने नजर परत कागदावर आणली आणि गात राहिली. जाऊबाई मागून येत होत्या. त्यांना मधेच सोडायचं कसं?